पणजीच्या आसपास नदीकाठच्या वाळूवर एक रात्र: कुठे, कधी, आणि करावी का?

रायबंदरकर
नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीतली चार कुटुंबं मिळून फेब्रुवारीत एक रात्र नदीकाठी वाळूवर काढायचं म्हणतोय. सोबत सहा ते चौदा वयाची सात मुलं आहेत. ह्या मुलांना समुद्र पाठ आहे. मिरामार, कळंगुट, कोलवा सगळं झालं. पण मांडवीच्या पुलावरून रोज शाळेत जाणाऱ्या पोरांनी नदीच्या पाण्यात पाय घातलेला नाही, हे मला खरोखर खटकतं. आम्ही लहान असताना आवळीभोजनाला कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागायतीच्या, कडेने व्हाळावर जायचो, वाळूत खड्डा करून झरलेलं पाणी बघत बसायचो. तसं काही त्यांच्याही वाट्याला यावं असं वाटतं.

विचारायचं आहे ते असं. पणजीपासून दीड तासाच्या आत वाळूचा चांगला पट्टा कुठे मिळेल? रात्री राहणं सुरक्षित आहे का? आणि परवानगी कुणाची घ्यायची? दिवार किंवा चोडणच्या बाजूला जमेल का, म्हणजे फेरीबोटीतून गेलो की पोचलो?

खुबे_तिसऱ्या
दिवार-चोडण विसरा. तिथे वाळू नाही, चिखल आहे. गुडघ्यापर्यंत रुतल्यावर चप्पल आत राहते आणि पाय तेवढा वर येतो. कांदळवन बघायला जा, सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला जा, संध्याकाळी परत या.

तांडेल
खुबेताईंचं बरोबर आहे, फक्त कारण नीट सांगायला हवं. बऱ्याच जणांना वाटतं की समुद्र सोडून आत गेलो की भरती संपली. मांडवीत भरती मुखापासून जवळजवळ ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाते. झुवारीत थेट सांग्यापर्यंत. म्हणजे आमोणा, सारमानस, वळवई, उसगाव ह्या सगळ्या भागात दुपारी जी पुळण कोरडी दिसते ती रात्री पाण्याखाली असू शकते. मोठ्या उधाणाला मुखाशी पाणी दोन मीटरच्या वर चढतं-उतरतं. तंबू ठोकून झोपलेल्या माणसाला ते कळत नाही, कारण नदीतली भरती लाटा घेऊन येत नाही. ती गुपचूप वाढते.

आमचे जुने लोक घड्याळ न बघता हिशोब करायचे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या सुमारास आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास. गोव्यात दोन भरत्यांची उंची सारखी नसते, त्यामुळे दुपारच्या भरतीची खूण बघून ‘रात्री इथवरच येईल’ असं धरून चालू नका. शिवाय वर जाल तशी भरती उशिरा पोचते. मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यात जी वेळ छापलेली असते ती गांजेची वेळ नव्हे.

तिथी बघूनच जायचं तर अष्टमीच्या आसपास जा. भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं. लोक नेमके पौर्णिमेला जातात, चांदणं हवं म्हणून. पौर्णिमेलाच उधाण असतं.

म्हापशेकर_७
आणि मगर? कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींना बघायला बोटी जातात. रात्री त्याच आपल्याला बघायला आल्या तर? 😄

तांडेल
@म्हापशेकर, हसण्यावारी नेऊ नका. मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या त्या कालव्यात मगरी आहेत, खाऱ्या-मचूळ पाण्यातही राहतात, आणि दोन्ही नद्यांच्या लगतच्या भागात फिरतात. माणसावर त्या सहसा येत नाहीत, पण चिखलाचा उतरता काठ म्हणजे त्यांची ऊन खायची जागा. तिथे मुलं खेळवायची नाहीत, एवढं पुरे.

दुर्भाटची_लेक
मगरीचा विषय निघाला म्हणून. आमच्या भागात पौष अमावास्येला मांगे थापणी होते. नदीकाठच्या चिखलाची मगर थापतात, शिंपल्या-करवंट्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेती; तिचे बांध राखणाऱ्या लोकांनी सुरू केलेली ही रीत. रात्री-बेरात्री बांध फुटला की चिखलात उतरावं लागायचं, आणि त्याच चिखलात ती. तिला हाकलायचा विचार कुणी केला नाही, तिच्याशी नातं जोडलं. रायबंदरकर, तुमच्या मुलांना तंबूत झोपवण्याआधी एकदा हे दाखवा. मुलं विसरणार नाहीत.

रायबंदरकर
ही माहिती नवीन आहे माझ्यासाठी, मनापासून आभार. मग गांज्याच्या वर, गोड्या पाण्यात जायचं असं दिसतंय. सत्तरी तालुक्यात?

उसगावचा
सत्तरीत जा, पण गांजे-उसगाव पट्ट्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ह्या नदीकाठीच वाढलो.

वरून सपाट आणि सुंदर दिसणारा वाळूचा पट्टा पाण्याखाली कसा आहे ते वरून दिसत नाही. जिथे वाळू काढली गेली तिथे पात्रात खड्डे आहेत. पूर्वी होडीतून बांबू रोवायचे, त्याला धरून माणूस डुबी मारायचा आणि बादलीने वाळू वर आणायचा. त्याचा खड्डा पावसाळ्यात भरून निघायचा. मग यंत्रं आली, रात्रीत होड्या भरून जाऊ लागल्या. यंत्राने काढलेल्या खड्ड्याची भिंत उभी असते. कंबरभर पाण्यात चालताय, पुढचं पाऊल टाकलं आणि खाली काहीच नाही. मागे वळायला जावं तर कडेची वाळू पायाखालून सरकते. पोहता येणारी माणसंही त्यातच सापडतात, कारण पहिल्या क्षणी घाबरून ती उभं राहायला बघतात.

म्हणून नियम साधा. जिथे गावातली पोरं आंघोळ करतात तिथेच उतरायचं, आणि आधी मोठ्या माणसाने काठी टेकवत पूर्ण पट्टा चालून बघायचा. काठी हातभर जरी अचानक खाली गेली तरी तो भाग बंद.

घाटमाथा
वाचून असं वाटतंय की नदीकाठी जाणं हाच गुन्हा. 🙂 मी वर्षानुवर्षं जातोय. नदीचं पात्र सरकारचं आहे, म्हणजे सगळ्यांचं आहे. कुणाची परवानगी कशाला? गाडी लावा, उतरा, राहा. गावातली दोन-चार माणसं उगाच अडवतात, त्यांना तो अधिकार नाही.

वाळपईची_माई
@घाटमाथा, पात्र सरकारचं आहे, मान्य. पण पात्रापर्यंतची वाट कुणाच्या तरी काजूच्या बागेतून जाते, आणि ते पाणी कुणाच्या तरी घरात जातं. आता आमची बाजू ऐका.

आमच्या गावाखाली नदीला सुंदर वळण आहे. आतल्या वळणावर पावसाळ्यानंतर दरवर्षी वाळू साचते. डिसेंबरपासून पाणी उतरलं की आम्ही बायका तिथे कपडे धुवायला जायचो, म्हशी पाण्यात बसायच्या, मुलं दगडाखाली हात घालून मासे पकडायची. काही वर्षांपूर्वी ती जागा कुणीतरी मोबाइलवर टाकली. त्यानंतर दर रविवारी गाड्या. मोठा स्पीकर, दारू, आणि संध्याकाळी बाटल्या दगडावर फोडायची हौस. वाळूत काच गेली की ती दिसत नाही. आमच्या म्हशीच्या खुरात अर्ध्या बाटलीचा बूड रुतला होता, जखम महिनाभर चिघळत होती. शेवटी बायकांनी घाटावर जाणं सोडलं. कपडे धुवायला दुसरीकडे गेलो, पण ती जागा गेली ती गेलीच.

पोरांनी वाट अडवली ती यानंतर. अधिकार आहे का नाही ते कोर्टाला ठाऊक. पण विचारून आलेल्या माणसाला आमच्या गावात कुणी आजवर परत पाठवलेलं नाही. उलट ताक मिळतं.

घाटमाथा
माई, काचेचं वाचून वाईट वाटलं. मी बाटल्या फोडणारा नाही, हे तेवढं सांगतो. पण दहा जणांच्या वागण्यावरून सगळ्यांना अडवणंही मला पटत नाही. गावाने पाटी लावावी, पार्किंगचे पैसे घ्यावेत, कचरा परत न्यायला लावावा. शहरातल्या माणसाला नदी बघायला मिळालीच नाही तर तिच्यासाठी भांडायला कोण येईल? म्हादईच्या, म्हणजे वरच्या मांडवीच्या, पाण्यावरून २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला तेव्हा पणजीतल्या किती जणांनी ती नदी वरच्या बाजूला पाहिलेली होती?

वाळपईची_माई
हे मात्र शंभर टक्के खरं बोललात. पैसे घेण्यावर आमच्या वाड्यावर मतं दोन आहेत. मी स्वतः पैशांच्या विरोधात आहे. पैसे दिले की माणसाला वाटतं आता जागा आपली झाली.

कायदा_वगैरे
परवानगीबद्दल दोन-तीन गोष्टी.

एक, म्हादई अभयारण्य (१९९९ पासून, २०८ चौ. किमी.), भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव: ह्यांच्या हद्दीत रात्री राहायचं तर वन खात्याची परवानगी लागते. ‘नदीत आहे, जंगलात नाही’ हे चालत नाही. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर अभयारण्यातले धबधबे लोकांसाठी बंद केले होते, हे आठवत असेल.

दोन, पर्यटन स्थळांच्या संरक्षणाच्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. अशा ठिकाणी उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं, बाटल्या फोडणं यावर एकट्याला २ हजार आणि गटाला १० हजार रुपये दंड आला. पुढे दंड वाढवलेही आहेत. हा कायदा ठरावीक पर्यटन स्थळांना लागू आहे, प्रत्येक वाळूच्या पट्ट्याला नाही. पण म्हणूनच आधी पंचायतीत विचारायचं. आपण जातोय ती जागा कशात मोडते हे तिथे कळतं.

तीन, पावसाळ्यात नद्या-धबधब्यांत उतरायला जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. फेब्रुवारीत तो प्रश्न नाही.

खुबे_तिसऱ्या
म्हणजे चुलीवरची आमटी गेली का? 😟

कायदा_वगैरे
खासगी बागायतीत, मालकाच्या संमतीने, चूल पेटवायला कोण अडवतंय? पट्ट्याच्या वरच्या अंगाला कुळागर असेल तर स्वयंपाक तिथेच करा आणि वाळूवर जेवा.

मोरजीचा_शेजारी
सगळे वर वर निघालात, खाली आमच्याकडे कुणी बघतच नाही. शापोरा नदीच्या मुखाशी मोरजीच्या टेंबवाड्याला वाळूची लांब जीभ आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथे राहायला यायचं असेल तर कृपया येऊ नका, आणि हे मी रागाने सांगत नाही. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गालजीबाग, आगोंद, मांद्रे इथेही तसंच. मादी रात्रीच वर येते. शेकोटीचा, टॉर्चचा उजेड दिसला की पाण्यातूनच परत फिरते. पिल्लं तर उजेडाकडेच चालत सुटतात, पाण्याकडे नाही. दिवसा या, रक्षक असतात त्यांच्याकडून माहिती घ्या, पिल्लं सोडताना बघायला मिळालं तर भाग्य.

रायबंदरकर
मुलांना हे दिवसा दाखवायचं ठरवून टाकलं.

सिस्टर_सत्तरी
मी आरोग्य केंद्रात काम केलेली आहे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. फेब्रुवारी म्हणजे सत्तरीत माकडतापाचा मोसम. २०१५ मध्ये गोव्यात पहिल्यांदा सत्तरीतच हा ताप आढळला. जानेवारी ते मे काळजीचा काळ. गोचिडीतून येतो. काजूच्या बागेत, पाचोळ्यात, जंगलाच्या कडेला गोचिडी असतात. उघड्या वाळूवर तशा त्या नसतात, पण वाळूपर्यंतची वाट पाचोळ्यातूनच जाते आणि मुलं लपंडाव झाडीतच खेळतात.

काय करायचं: पूर्ण हाताचे, फिक्या रंगाचे कपडे. पँट मोज्यात खोचायची. आरोग्य केंद्रात अंगाला लावायचं तेल मिळतं, ते विचारून घ्यायचं. पाचोळ्यावर चादर पसरून बसायचं नाही. संध्याकाळी मुलांची मान, कानामागे, काखा, कमरेची पट्टी बघायची. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, नखाने चिरडायची नाही, रॉकेल-बिकेल ओतायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर तिथे थांबायचंच नाही, वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. घरी आल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात अचानक जोराचा ताप, डोकं, अंग मोडून येणं असं झालं तर डॉक्टरांना ‘सत्तरीत गेलो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

दुसरं, बुडणाऱ्याबद्दल. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, नदीवर आपणच असतो. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही. तो गप्प होतो, डोकं मागे टाकतो. त्याच्याकडे उडी मारून जाणारा दुसराही जातो, हे मी एकाच घरात पाहिलेलं आहे. दोरी फेकायची, काठी द्यायची, रिकामा पाच लिटरचा बंद कॅन दोरीला बांधून टाकायचा. बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर पोट दाबत बसू नका, उलटं लटकवू नका. आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, पुन्हा श्वास. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ लावायचा. तिथे मोबाइलला रेंज कुठे येते ते पोचल्या पोचल्या बघून ठेवायचं.

म्हापशेकर_७
सिस्टर, हे प्रिंट काढून गाडीत ठेवतो. मगरीवरून थट्टा केली, पण हे वाचून गंभीर झालो.

उसगावचा
सिस्टरचं बंद कॅनचं अगदी खरं. आमच्याकडे त्याला कॅन म्हणतात पण काम जीवरक्षकाचं.

अजून एक राहिलं. बंधारे. पाणी अडवायला पाऊस संपला की फळ्या घालतात. मग बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि ओळखीची वाळू बुडते. खालच्या अंगाला पात्र उघडं पडतं, तिथे लोक उतरतात. पण फळ्या काढल्या किंवा सरकल्या की खाली पाणी एकदम येतं. म्हणून बंधाऱ्याच्या लगेच खाली तंबू नको. शापोऱ्याच्या खोऱ्यात तिळारी धरणाचं पाणी, वाळवंटीला अंजुणेचं. पावसाळ्यात ते सोडलं की काय होतं ते साळ-इब्रामपूरवाल्यांना आणि सांखळीकरांना विचारा.

सांखळीकर
विचारायची गरज नाही, सांगतो. २०२१ च्या जुलैत सत्तरी, डिचोली, फोंड्यात पूर आला तेव्हा नदीने पात्र सोडून घरांची ओळख करून घेतली. आणि तीच वाळवंटी त्रिपुरी पौर्णिमेला विठ्ठलापूरला होड्यांच्या दिव्यांनी भरते. एकाच नदीची दोन्ही रूपं मुलांना कळली पाहिजेत. वाळूवर पडलेल्या झाडाच्या फांद्यांत अडकलेलं प्लास्टिक किती उंचीवर आहे ते दाखवा. डोक्याच्या वर असतं. पावसाळ्यात पाणी तिथवर होतं, हे सांगावं लागत नाही.

घाटमाथा
ही कल्पना सुरेख आहे.

अंगण_आणि_चूल
मला सगळं ऐकून भूक लागली. जेवणाचं कुणीच बोलत नाही! वाळूवर वारा असतो, बारीक रेती प्रत्येक घासात येते, त्यामुळे भाकरी-पोळी करायच्या भानगडीत पडू नका. घरून करून न्या. उकड्या तांदळाची पेज आणि खारं सुंगटांचं किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घातलेली कोशिंबीर): पहाटे थंडीत ह्याला तोड नाही. किसमूर वाळूवर करायचं नाही, खोबरं घरीच खवून न्यायचं. रात्री खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, एका मोठ्या टोपात. शिवराक म्हणजे शाकाहारी आहे, मुलांनाही चालतं, आणि गार झालं तरी खाता येतं.

एक कळकळीची विनंती. चूल विझवताना वाळू टाकून झाकू नका. वर वाळू थंड वाटते, खाली निखारा तासन्‌तास तसाच राहतो. सकाळी पोर अनवाणी धावत येतं आणि नेमका त्यावर पाय. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, हाताचा पंजा वर धरून बघा. आणि नदीतला ओला गोटा चुलीला लावू नका, तापला की तडकून उडतो. जांभा दगड आणा किंवा लोखंडी तिवई.

खुबे_तिसऱ्या
किसमूर! आता मीही येते. 😄

ओपाच्या_नळाचा
थोडं अप्रिय बोलतो. खांडेपार नदीच्या वरच्या अंगाला, ओपाच्या वर, जे कुणी वाळूवर राहायला जातात त्यांनी ध्यानात ठेवावं की खाली ओपाच्या पाणीपुरवठ्यातून तेच पाणी फोंड्याला आणि पणजीला जातं. रायबंदरकर, तुमच्या नळालाही. शौचाला पात्रात किंवा काठालगत जायचं नाही. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं दूर, वीतभर खड्डा, वर माती. साबण लावून नदीत आंघोळ नको, भांडी नदीत घासायची नाहीत. बादलीने पाणी काठावर नेऊन घासा आणि ते मातीत ओता. मुलांचे डायपर पुरायचे नाहीत, परत आणायचे. एवढं केलं तर जायला कुणाची हरकत नसावी.

टिटवी
पाखरांसाठी एक ओळ. उन्हाळ्याकडे टिटवी उघड्या वाळू-गोट्यांतच अंडी घालते. घरटं नसतं, नुसता खळगा, अंडी दगडासारखी. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. त्या बाजूला जाऊ नका, मुलांना सांगा. फेब्रुवारीत अजून थोडं लवकर आहे, मार्चनंतर जास्त जपायचं.

तांडेल
रात्री गवे पाण्यावर येतात हेही कुणीतरी सांगायला हवं. गोव्याचा राज्य प्राणी, भेट झाली तर भाग्य, पण अंतर ठेवून. उतरणीच्या पायवाटेवर गोल खुरांचे ठसे दिसले तर ती त्यांची वाट, तिथे तंबू नको.

रायबंदरकर
मंडळी, दोन दिवस हा धागा वाचतोय आणि बायकोबरोबर त्यावर बोलतोय. जे ठरलं ते सांगतो, चुकत असेल तर टोका.

रात्रीचा मुक्काम वाळूवर नाही. सात मुलं, पाच पोहता न येणारे मोठे, आणि ज्या नदीला आम्ही ओळखत नाही ती नदी. हे जुळत नाही. सत्तरीत नदीकाठी एका ओळखीच्यांचं कुळागर आहे, त्यांच्या अंगणात तंबू ठोकायचे आणि दिवस वाळूवर काढायचा. पणजीहून सव्वा-दीड तास. जागा गांज्याच्या वर आहे, भरतीचा प्रश्न नाही. पाण्यात उतरायची जागा ते दाखवतील, आधी मी काठी घेऊन पट्टा चालून येईन. दोरी आणि बंद कॅन पहिल्या गाडीत. गोचिडीचं तेल आरोग्य केंद्रातून आणायचं काम माझ्या बायकोने घेतलं आहे. दारू नाही, स्पीकर नाही. कचरा परत पणजीला.

मोरजीला कासवांसाठी वेगळ्या दिवशी जाऊ. मांगे थापणी पुढच्या पौषात.

घाटमाथा
वाळूवर रात्र काढायची नाही म्हणजे थोडा हिरमोड झाला माझा, खरं सांगतो. पण मुलं बरोबर असताना मीही कदाचित हेच केलं असतं. पहाटे साडेपाचला मुलांना उठवून वाळूवर घेऊन जा. धुकं पाण्यावर असतं तोवर. रात्र तिथे काढली नाही याची खंत राहणार नाही.

वाळपईची_माई
बरं ठरवलंत. नदीवर उतरायच्या आधी वाड्यावर कुणाच्याही घरी थांबा, देवळापाशी कुणीतरी बसलेलं असतंच. ‘आज पाणी कसं आहे’ एवढं विचारा. कुठे कोंड (डोह) खोल झाला, कुठे झाड अडकलंय, हे त्यांना ठाऊक असतं. गेल्या वर्षी ज्या जागी कंबरभर होतं तिथे यंदा दोन पुरुष असू शकतं, नदी दरवर्षी वाळू हलवते. तुमच्या ओळखीच्यांचं गाव कुठलं ते मला खाजगीत कळवा, आमच्या सोयऱ्यांपैकी कुणी असेल.

रायबंदरकर
माई, कळवतो. आणि तुमच्या गावात काच वेचायला एखाद्या रविवारी आमच्या इमारतीतले येऊ शकतील का? मुलांनाही आणीन, जाड चपला घालून.

वाळपईची_माई
या. चाळण लागेल, सिमेंटच्या कामाची मोठी. वाळू चाळल्याशिवाय बारीक काच निघत नाही. दोन चाळणी आमच्याकडे आहेत, आणखी दोन आणा.

उसगावचा
एक माझ्याकडे आहे. कुठला रविवार?

घाटमाथा
मलाही तारीख सांगा. पिकअप आहे, गोळा झालेली काच मी नेतो.

सिस्टर_सत्तरी
चामड्याचे हातमोजे घाला, रबराचे चालत नाहीत. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं राहिलंय ते आधी बघा.